जकातनाका आणि व्यापारी मंडळें

कोणत्याही जुन्या शहराच्या वेशीवर पूर्वीं दोन माणसें हटकून आढळत : एक पहारेकरी आणि दुसरा जकातदार. काळ पालटला, तट ढासळले, वेशी नाहींशा झाल्या आणि पहारेकऱ्याचें काम उरलें नाहीं. जकातदार मात्र आपल्या जागीं कायम राहिला. मुंबईच्या मुलुंड, दहिसर, मानखुर्द व ऐरोली येथील नाक्यांवर तो ३० जून २०१७ च्या मध्यरात्रीपर्यंत मालमोटारी अडवून बसला होता. त्या रात्रीं तो उठला, आणि महाराष्ट्राच्या नागरी जीवनांतील एक फार जुनी संस्था इतिहासजमा झाली. जकातदाराला उठविण्यासाठीं व्यापारी मंडळांनीं जी खटपट केली, तिचा आरंभ शोधूं गेल्यास सुमारें एकशें ऐंशी वर्षें मागें जावें लागतें. हा इतिहास केवळ दुकानदारांच्या गाऱ्हाण्यांचा नाहीं. शहराचा खर्च कोणी सोसावा, तो कोणत्या मार्गानें वसूल करावा आणि शहराच्या तिजोरीची किल्ली कोणाच्या हातीं असावी, हे तीन प्रश्न त्यांत एकमेकांत गुंतलेले आहेत. आणि ज्याला नळाचें पाणी व रस्त्यावरचा दिवा हवा आहे, अशा प्रत्येक कुटुंबाशीं त्यांचा संबंध पोंचतो.

पेशवाईंत जकात ही सरकारी उत्पन्नाची एक महत्त्वाची बाब होती. माल जेथें भरला जाई तेथें ‘थळभरीत’ घेत. जेथें तो उतरून विकला जाई तेथें ‘थळमोड’ घेत. आणि मधल्या वाटेवरचीं ठाणीं आपापला वांटा निराळा उगवीत. जहागीरदार व इनामदार यांचे हक्क त्याहून वेगळे असत. त्यामुळें कोंकणांतून मीठ किंवा नारळ घेऊन घाट चढणारा बैल मुक्कामाला पोंचेपर्यंत कितीदां अडविला जाईल, हें मालकाला निघतांना सांगतां येत नसे. या अडचणींतून व्यापारानेंच एक वाट काढली. हुंडेकरी नांवाचा एक वर्ग तयार झाला. ठरलेली एक रक्कम घेऊन वाटेवरच्या सर्व जकाती भागविण्याची हमी हुंडेकरी पत्करी. ठिकठिकाणच्या अंमलदारांशीं त्याचा परस्पर हिशेब असे, आणि मालकाच्या मागची दगदग टळे. अर्थात् या सोयीचें मोल मालाच्या किंमतींत मिळविलें जाई, आणि तें शेवटीं गिऱ्हाइकाकडूनच वसूल होई.

त्या काळीं व्यापाऱ्यांना सरकारापुढें तोंडच नव्हतें, असें मात्र समजूं नये. नवी पेठ वसवावयाची असली म्हणजे सरकारला शेटे-महाजनांची गरज लागे. व्यापाऱ्यांनीं येऊन दुकानें थाटावीं म्हणून सरकार कौल देई, आणि त्यांत कांहीं वर्षें जकात व इतर पट्ट्या माफ केल्याचें वचन असे. पुण्याच्या कित्येक पेठा याच रीतीनें भरल्या. सवलत नाहीं तर वसाहत नाहीं, हें शेटे-महाजनांस ठाऊक होतें, आणि तें सरकारलाहि ठाऊक होतें. पुढच्या काळांत व्यापारी मंडळांनीं छापील अर्जांतून जें मागितलें, त्याचें मूळ या कौलांत पाहावयास मिळतें. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत मात्र वसुलीचे मक्ते देण्याची चाल बळावली. मक्तेदारानें सरकारांत भरलेला पैसा त्याला ठराविक मुदतींत उगवावयाचा असे. मुदतीनंतर पेठ वाढो कीं ओस पडो, त्याचें त्याला सुखदुःख नव्हतें.

१८१८ त पेशवाई बुडाली. जकाती मात्र बुडाल्या नाहींत. कंपनी सरकारनें राज्याबरोबर त्याहि वारशानें घेतल्या. बंगाल इलाख्यांत हीच स्थिति होती. तेथें चार्ल्स ट्रेव्हेल्यन या तरुण अधिकाऱ्यानें १८३४ सालीं अंतर्गत जकातींवर एक अहवाल लिहून त्यांतील जुलूम व लांचलुचपत उघडी केली, आणि १८३६ त बंगालमधील नाके उठविण्यांत आले. मुंबईंतहि त्याच सुमारास एक नवी शक्ति उदयास येत होती. १८१३ च्या सनदेनें हिंदुस्थानाशीं व्यापार करण्याचा कंपनीचा मक्ता मोडला होता, आणि १८३३ च्या सनदेनें चीनच्या व्यापाराचा मक्ताहि संपला. त्यामुळें खाजगी पेढ्यांस मोकळें रान मिळालें. २२ सप्टेंबर १८३६ रोजीं या पेढ्यांनीं मिळून ‘बाँबे चेंबर ऑफ कॉमर्स’ ही संस्था स्थापिली. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांची तिच्यावर मेहेरनजर होती. जॉन स्किनर हे तिचे पहिले अध्यक्ष. सभासदांत युरोपियन पेढ्यांचें प्राबल्य असल्यामुळें तिला सर्व व्यापाऱ्यांची संस्था म्हणतां येणार नाहीं. तरी एकेका व्यापाऱ्यानें अंमलदाराच्या दारीं हेलपाटे घालण्याऐवजीं सर्वांच्या वतीनें एका चिटणिसानें सरकारला लेखी विनंति करावी, ही पद्धत पश्चिम हिंदुस्थानांत तिच्यामुळें रूढ झाली. १८३८ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील अंतर्गत जकाती उठल्या. त्याचें श्रेय एकट्या कोणाला देणें योग्य होणार नाहीं. काळच मोकळ्या व्यापाराच्या बाजूचा होता.

परंतु सरकारी जमाखर्चांत एक बाजू रिकामी झाली म्हणजे ती दुसरीकडून भरावी लागते. १८४४ सालीं सरकारनें शहर-जकाती आणि धंद्यांवरील मोहतर्फा हे कर काढून टाकले, आणि त्यांची तूट भरून काढण्यासाठीं मिठावरील कर मणीं आठ आण्यांवरून एकदम एक रुपयावर नेला. पेढीवरचें ओझें उतरलें तें गरिबाच्या चुलीवर येऊन पडलें. त्याच वर्षीं ऑगस्टच्या अखेरीस सुरत शहरांत याविरुद्ध मोठा दंगा झाला. दुकानें बंद राहिलीं, जमाव रस्त्यावर आला, लष्कर बोलवावें लागलें. आणि शेवटीं सरकारला मिठाचा कर बारा आण्यांवर आणावा लागला. या प्रकरणांतील धडा लक्षांत ठेवण्याजोगा आहे. एक कर जातो तेव्हां त्याच्या जागीं कोणता येतो आणि तो कोणाच्या डोक्यावर बसतो, हें विचारल्याशिवाय कर गेल्याचा आनंद मानूं नये. पुढील प्रत्येक टप्प्यावर हाच प्रश्न पुन्हां पुन्हां उपस्थित झालेला दिसेल.

सरकारनें दारांतून घालविलेली जकात पुढें खिडकींतून परत आली. १८५० च्या सव्विसाव्या कायद्यानें शहरांना आपल्या स्वच्छतेसाठीं व सोयीसाठीं नगरपालिका स्थापण्याची मुभा मिळाली, आणि खर्चासाठीं कोणता कर बसवावा हें ठरविण्याची मोकळीकहि मिळाली. मुंबई इलाख्यांत या कायद्याचा विशेष उपयोग करण्यांत आला, आणि शहरामागून शहरानें जकातीचीच निवड केली. याचीं कारणें उघड आहेत. घरपट्टी बसवावयाची तर घराची किंमत ठरवावी लागते, घरमालकाच्या दारीं जाऊन पैसे मागावे लागतात, आणि नगरपालिकेच्या सभासदांतच घरमालक पुष्कळ असत. जकात तशी नव्हे. ती साखरेच्या, तुपाच्या, लाकडाच्या किंमतींत मिसळून जाते. देणाऱ्याला ती दिसत नाहीं, म्हणून टोंचतहि नाहीं. आज चार आणे, उद्यां चार आणे, असें करून वर्षअखेर गंगाजळी भरते. शिवाय रोज रोकड हातीं पडते, आणि शहर वाढलें म्हणजे उत्पन्न आपोआप वाढतें. रस्ते, गटारें, दिवाबत्ती, शाळा, दवाखाने या सर्वांचा भार अनेक शहरांत या एका करावर राहिला.

आरंभीं व्यापाऱ्यांचाहि जकातीला सरसकट विरोध नव्हता. जो माल शहरांतच खपावयाचा, त्यावरची जकात गिऱ्हाइकाकडून वसूल करतां येते. तेवढ्यापुरता व्यापारी हा केवळ मधला भरणा करणारा. खरें दुखणें होतें तें घाऊक पेठांचें. समजा, कऱ्हाडकडील गूळ पुण्याच्या भवानी पेठेंत आला आणि तेथून नगरला जावयाचा आहे. तो पुणेंकरांच्या तोंडीं लागणार नाहीं. मग त्यावर पुण्यानें जकात कां घ्यावी? तत्त्वतः याचें उत्तर ठरलेलें होतें. हिंदुस्थान सरकारनें १८६८ सालीं ठराव करून बजाविलें होतें कीं शहरांत खपणाऱ्या जिनसांवरच हा कर असावा, आणि त्याचें रूपांतर वाटमारीच्या जुन्या जकातींत होऊं नये. म्हणून बाहेर जाणाऱ्या मालावरची जकात परत देण्याची सोय ठेवण्यांत आली. तिला ‘परतावा’ म्हणत.

कागदावर हा परतावा सोपा दिसे. नाक्यावर तो अवघड होई. आलेलें पोतें तेंच हें, अशी ओळख पटवावी लागे. पोतें फोडून दोन गिऱ्हाइकांत विभागलें कीं ओळख बुडाली. मूळ पावती हवी, बीजक हवें, ठराविक मुदत टळतां कामा नये. तोंवर व्यापाऱ्याचें भांडवल नगरपालिकेच्या पेटींत बिनव्याजी अडकून पडे. परताव्याच्या खटपटीला कंटाळून लहान व्यापारी ती रक्कम सोडून देई, आणि मोठा व्यापारी नाकेदाराशीं संधान बांधी. या दोहोंत शहराच्या नीतीचें नुकसान अधिक कशानें झालें, हें सांगणें कठीण आहे. व्यापारी मंडळांच्या निवेदनांतून वर्षानुवर्षें तीच कलमें वाचावयास मिळतात : दरपत्रक सुटसुटीत असावें, किंमतीवर घ्यावयाची जकात बीजकावरून घ्यावी, नाकेदाराच्या अंदाजावरून घेऊं नये, परतावा लवकर मिळावा, आणि वाटेनें सरळ पुढें जाणाऱ्या मालाला विनाकारण उतरवूं नये.

निवेदनाला वजन यावयाचें तर सभागृहांत जागा हवी, हेंहि मंडळांनीं लवकरच ओळखलें. १८८८ च्या मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यानें ७२ सभासदांपैकीं दोन निवडण्याचा हक्क चेंबर ऑफ कॉमर्सला मिळाला. १८९२ च्या कौन्सिल कायद्यानंतर प्रांतिक कायदेमंडळांतहि तिचा प्रतिनिधि बसूं लागला. बंदराच्या ट्रस्टवरहि तिचे सभासद असत. म्हणजे शहराचें पाणी, बंदराच्या गोद्या आणि प्रांताचे कायदे या तिन्ही ठिकाणीं मूठभर पेढ्यांचा शब्द पोंचत होता. एतद्देशीय व्यापाऱ्यांना हें असह्य व्हावें हें स्वाभाविकच होतें. १९०७ सालीं मुंबईच्या देशी व्यापाऱ्यांनीं आपली स्वतंत्र ‘इंडियन मर्चंट्स चेंबर’ स्थापिली. मनमोहनदास रामजी हे तिचे पहिले अध्यक्ष. १९२७ त वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें ‘महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स’ निघाली, आणि १९३४ त आत्माराम रावजी भट यांच्या खटपटीनें पुण्यांत ‘मराठा चेंबर ऑफ कॉमर्स’ उभी राहिली. व्यापारउदीम हें आपलें क्षेत्र नव्हे, असा समज असलेल्या मध्यमवर्गांत ही गोष्ट विशेष होती. पुण्याच्या चेंबरनें पुढें ‘संपदा’ हें मराठी मासिक चालविलें, आणि कारखानदारीचे व करांचे प्रश्न मराठी वाचकाला त्याच्या भाषेंत समजावून दिले. निवेदन, शिष्टमंडळ, आंकडे आणि वर्तमानपत्र, अशीं चार साधनें या मंडळांच्या हातीं आलीं. बंद हें पांचवें साधन. तें अखेरच्या प्रसंगासाठीं राखलेलें असे.

जकातीविरुद्ध केवळ व्यापारीच बोलत होते असें नाहीं. सर चार्ल्स टॉडहंटर यांच्या अध्यक्षतेखालीं १९२४-२५ सालीं नेमलेल्या करचौकशी समितीनें या करावर कडक टीका केली : तो गरिबाच्या गरजेच्या वस्तूंवर पडतो, त्याच्या वसुलीचा खर्च मोठा, त्यांत लबाडीला वाव, आणि व्यापाराला तो अडथळा. एवढें सर्व सांगूनहि कर जागचा हलला नाहीं, कारण नगरपालिकांचें उत्तर एकच आणि बिनतोड होतें : हा घ्यावयाचा नाहीं तर दुसरा कोणता देतां? या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर कोणापाशींच नव्हतें. स्वतंत्र भारताची राज्यघटना तयार झाली तेव्हां राज्यांच्या यादींत बावन्नाव्या कलमानें स्थानिक क्षेत्रांत येणाऱ्या मालावरच्या कराला जागा मिळाली, आणि अशा रीतीनें पेशव्यांच्या थळमोडीला प्रजासत्ताकांतहि आसरा मिळाला.

तथापि वाहतुकीचें स्वरूप बदललें होतें. बैलगाडी नाक्यावर अर्धा दिवस थांबली तरी फारसें बिघडत नसे. बैलांना तेवढीच विश्रांति. मालमोटारीचें तसें नाहीं. तिच्यांत गुंतलेलें भांडवल, चालकाचा पगार, कारखान्यांत अडकून बसलेलें काम, हीं सर्व तासांवर मोजलीं जातात. मुंबईहून निघून तीन-चार शहरांतून जाणारी मोटार प्रत्येक वेशीवर रांगेत उभी राहूं लागली. बा. वि. केसकर यांच्या अध्यक्षतेखालील रस्ता-वाहतूक करचौकशी समितीनें १९६७ च्या सुमारास जकात रद्द करण्याची शिफारस केली. मध्यप्रदेशानें १९७६ त व कर्नाटकानें १९७९ त जकात उठविली, आणि तिच्याऐवजीं प्रवेशकर आणला. गुजरातच्या महानगरपालिकांतून ती २००७ त गेली. महाराष्ट्र मागें राहिला, याचें कारण त्याच्या महानगरांची श्रीमंती. एकट्या मुंबईचें जकातीचें उत्पन्न शेवटच्या वर्षांत सुमारें ७,००० कोटी रुपयांच्या घरांत गेलें होतें. एवढी रक्कम देणारा दुसरा कर राज्यापाशीं तयार नव्हता, आणि राज्याच्या तोंडाकडे पाहत बसण्याची महानगरपालिकेची तयारी नव्हती.

तरी एक पाऊल पडलें. १९९९ सालीं महाराष्ट्रांतील नगरपालिकांची जकात रद्द झाली, आणि तिच्याऐवजीं राज्याकडून अनुदान मिळूं लागलें. लहान शहरांच्या वेशी मोकळ्या झाल्या. महानगरपालिकांत मात्र नाके चालूच राहिले. कांहीं ठिकाणीं तर वसुलीचे ठेके खाजगी माणसांस देण्यांत आले, आणि दुसऱ्या बाजीरावाचा मक्ता पुन्हां पाहावयास मिळाला.

२०१० सालीं राज्य सरकारनें मधला मार्ग काढला. नाक्यावर मोटार अडवूं नये; व्यापाऱ्यानें शहरांत आणलेल्या मालाचा हिशेब आपल्या वहींत ठेवावा, आणि त्यावरचा कर महानगरपालिकेंत भरावा. नव्या मुंबईंत उपकराच्या नांवानें असा प्रकार आधींपासून चालू होता. या नव्या कराचें नांव ‘स्थानिक संस्था कर’. लोकांच्या तोंडीं तो एलबीटी म्हणून बसला. आधीं लहान महानगरपालिकांत तो लागू झाला. १ एप्रिल २०१३ पासून पुणें, नागपूर अशा मोठ्या शहरांत तो आला, आणि मुंबईंतहि आणण्याचा बेत जाहीर झाला.

वरवर पाहतां व्यापाऱ्यांची शतकाची मागणी मान्य झाली होती. नाका गेला होता. मग एप्रिल व मे २०१३ मध्यें मुंबई, पुणें, नागपूर, ठाणें येथील बाजारपेठा दिवसेंदिवस बंद कां राहिल्या? याचें उत्तर कराच्या दरांत नसून त्याच्या रीतींत सांपडतें. नाक्यावरची जकात मोठ्या मालाला लागे आणि तेथल्या तेथें संपे. लहान दुकानदाराचा तिच्याशीं प्रत्यक्ष संबंध क्वचितच येई. नवा कर दुकानांत शिरला. २००५ पासून राज्याचा मूल्यवर्धित कर होताच. त्याचीं विवरणपत्रें एका कचेरींत, आणि त्याच मालाचीं दुसरीं विवरणपत्रें महानगरपालिकेंत, असा दुहेरी खटाटोप आला. महानगरपालिकेच्या अंमलदाराला वह्या तपासण्याचा व दुकानांत येण्याचा अधिकार मिळाला. वेशीवरचा जकातदार उठून आपल्या गादीजवळ येऊन बसला, अशी दुकानदारांची भावना झाली. मंडळांचें म्हणणें असें कीं कर हवाच असेल तर मूल्यवर्धित करांत थोडी वाढ करावी, तो राज्याच्या विक्रीकर खात्यानें एकदाच गोळा करावा, आणि शहरांना त्यांचा वांटा द्यावा.

सरकारची बाजूहि पोकळ नव्हती. १९९३ त अमलांत आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें नागरी संस्थांना घटनेंत मानाचें स्थान दिलें होतें. स्वतःच्या उत्पन्नावांचून स्वराज्य कसलें? राज्यानें गोळा करून वांटावयाचें ठरलें म्हणजे महापौराला मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या सरकारनें उलाढालीची मर्यादा वाढवून लहान दुकानदारांना वगळलें आणि कांहीं नियम सैल केले. मूळ कर मात्र ठेवला. घरोघर वाणसामानाची टंचाई जाणवूं लागली. पुरवठ्याविना लोकांचे हाल होऊं लागले तसा बंदाविषयीं सहानुभूतीचा सूरहि बदलला. मुंबईंत हा कर शेवटपर्यंत आला नाहीं. तेथें जुनी जकातच चालू राहिली. म्हणजे ज्या शहरांत विरोध सर्वांत जोरदार झाला, तेथें त्या विरोधाचें फळ म्हणून नाकाच टिकला.

पुढच्या वर्षीं विधानसभेची निवडणूक झाली, आणि कर रद्द करण्याचें आश्वासन हा प्रचाराचा एक विषय झाला. नवें सरकार आल्यावर १ ऑगस्ट २०१५ पासून वार्षिक उलाढाल पन्नास कोटी रुपयांपेक्षां कमी असलेल्या व्यापाऱ्यांना स्थानिक संस्था करांतून मुक्त करण्यांत आलें. बहुसंख्य दुकानदार सुटले. मोठे उद्योग तेवढे राहिले. तूट राज्याच्या अनुदानानें भरून निघावयाची होती, आणि त्याच्या जोडीला महानगरांतील स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांवर मुद्रांक शुल्कांत एक टक्का अधिभार आला. १८४४ सालीं पेठेचें ओझें मिठावर गेलें होतें. २०१५ सालीं त्याचा कांहीं भाग घर विकत घेणाऱ्यावर आला. मीठ आणि घर यांत अंतर पुष्कळ आहे, हें खरें; परंतु हिशेबाची रीत तीच.

अखेर १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर लागू झाला. घटनेच्या एकशेंएकाव्या दुरुस्तीनें राज्यांच्या यादींतलें तें बावन्नावें कलमच काढून टाकलें, आणि जकात व स्थानिक संस्था कर हे दोन्ही समूळ गेले. महानगरपालिकांची हानि भरून देण्यासाठीं महाराष्ट्रानें स्वतंत्र कायदा केला. २०१६-१७ हें वर्ष पाया धरून दरवर्षीं आठ टक्के वाढीसह रक्कम द्यावयाची, असें त्यांत ठरलें. मुंबईला पहिल्या महिन्याचे सुमारें ६४७ कोटी रुपये जुलैच्या आरंभींच मिळाले. मुलुंडच्या नाक्यावर रांगा लागेनात. व्यापारी मंडळांची मागणी पूर्ण झाली.

या लढ्याचें मोजमाप करतांना दोन्ही पारडीं पाहिलीं पाहिजेत. व्यापारी मंडळांनीं जें सांगितलें त्यांतील मुख्य भाग खरा होता. वेशीवर माल अडविणें हें व्यापाराला, कारखान्याला आणि शेवटीं गिऱ्हाइकाला महाग पडतें. नाका ही लांचेची शाळा होते. आणि परताव्याचें वचन देऊन तो न देणें ही फसवणूकच होय. हें त्यांनीं पिढ्यान् पिढ्या सांगितलें नसतें तर समित्यांचे अहवाल दप्तरांतच पडून राहिले असते. संघटित शब्दाची ताकद ही अशी असते. परंतु त्याच शब्दाची मर्यादाहि याच इतिहासांत दिसते. मंडळ आपल्या सभासदांचें दुखणें सांगतें. शहराचें सबंध दुखणें सांगण्याची जबाबदारी त्याची नसते. सुरतेचा मीठ विकत घेणारा माणूस कोणत्याही चेंबरचा सभासद नव्हता. मुंबईच्या चाळींत राहणारा, ज्याला जकातीच्या पैशांतूनच शाळा व दवाखाना मिळत होता, त्याचेंहि शिष्टमंडळ कोणी नेलें नाहीं.

आणि नगरपालिकांचें काय? जकात वाईट होती, पण ती त्यांची स्वतःची होती. तिच्यांत शहराच्या वाढीचा वांटा रोजच्या रोज शहराच्या पेटींत पडे, आणि त्यासाठीं कोणाच्या पत्राची वाट पाहावी लागत नसे. अनुदान कितीहि वक्तशीर असलें तरी तें दिलेलें असतें, मिळविलेलें नसतें. देणाऱ्याची अडचण ही घेणाऱ्याचीहि अडचण होते. चांगली घरपट्टी बसवून ती निर्भयपणें वसूल करणें हा उरलेला मार्ग आहे. आणि नेमका तोच मार्ग टाळण्यासाठीं १८५० नंतरच्या नगरपालिकांनीं जकातीचा आश्रय केला होता. घरमालकाच्या दारीं जाऊन कर मागण्याचा जो संकोच तेव्हां होता, तो अद्यापि पुरता गेलेला नाहीं.

नाक्यांच्या छपऱ्या उतरल्या, काटे हलविले, आणि मालमोटारी न थांबतां शहरांत येऊं लागल्या, ही समाधानाची गोष्ट आहे. शेटे-महाजनांनीं कौल मागितला तेव्हां त्यांनीं सवलतीच्या बदल्यांत पेठ वसविण्याचें वचनहि दिलें होतें, आणि तें पाळलें होतें. मागणी आणि जबाबदारी यांची ती जोड जुन्या कागदांत शाबूत आहे. नव्या काळांतील मंडळांनीं करमाफीच्या निवेदनाखालीं शहराच्या पाण्याची व रस्त्यांची तजवीज कशी व्हावी याविषयींहि चार ओळी लिहाव्या, एवढीच अपेक्षा हा इतिहास वाचून मनांत येते.